वाचक विचारतात : पंधरा दिवसांची परदेश सेवा

नाताळ सरला की तरुण संघांच्या बैठकांत मे महिन्याचे बेत सुरू होतात. यंदा आलेली बरीच पत्रं परदेशातल्या अल्पकालीन सेवेबद्दल, म्हणजे आपण सगळे जिला ‘मिशन ट्रिप’ म्हणतो तिच्याबद्दल आहेत. बहुतेकांच्या मनात युगांडा आहे, काहींच्या नेपाळ. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळीतले बारा तरुण मे महिन्यात पंधरा दिवस युगांडाला सेवेसाठी जाऊ इच्छितात. तिथल्या एका पाळकांशी फेसबुकवर ओळख झाली आहे. तयारी कुठून सुरू करावी? (तरुण संघ, पुणे जिल्हा)

उत्तर : तिकिटं काढायच्या आधी पत्रव्यवहार करा. ते पाळक मनाने खरे असतीलही, पण त्यांच्या पाठीशी कोणती मंडळी आहे हे कळल्याशिवाय बारा मुलांना घेऊन निघू नये. तुमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असेल तर वाट सोपी आहे. ती आणि चर्च ऑफ युगांडा, दोन्ही अँग्लिकन कम्युनियनमध्ये आहेत. तुमच्या पाळकसाहेबांनी आपल्या बिशपांच्या कार्यालयामार्फत तिथल्या धर्मप्रांताच्या बिशपांना लिहावं, त्या पाळकांचं नाव कळवावं आणि खात्री करून घ्यावी. इतर मंडळ्यांनी आपापल्या मुख्य कार्यालयातून जावं.

पत्रात ‘आम्ही येऊन काय करू?’ असं विचारलंत तर ‘या, तुमचं स्वागत आहे’ एवढंच उत्तर येईल. दारी येऊ पाहणाऱ्या पाहुण्याला नको म्हणणं तिकडेही जड जातं. म्हणून तीन गोष्टी विचारा. या वर्षी तुमच्या मंडळीने कोणतं काम ठरवलं आहे? त्यात कोणत्या कामाची जाणकार माणसं कमी पडतात? आणि आम्ही आलोच नाही तर ते काम कसं होणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. तुमच्याशिवाय जे काम होणारच नाही, ते तुम्ही परत निघालात त्या दिवशी थांबतं. उशिरा का होईना पण होणारच आहे, अशाच कामाला हात लावा. राहण्याची जागा, दुभाषी आणि कोणता खर्च कोणाचा, हेही त्याच पत्रव्यवहारात लेखी ठरवून टाका.

बारा जण फार होतात. तिथली प्रवासी व्हॅन चौदा आसनांची असते, पण सामान भरलं की आठ माणसंच जेमतेम बसतात. दुसरी गाडी म्हणजे दुसरा चालक आणि दुप्पट इंधन. शिवाय यजमान घरांतल्या बायकांना बारा पाहुण्यांचं पाणी भरावं लागतं, हा हिशेब आपल्याकडून नेहमी राहून जातो. सहा ते आठ जण न्या. त्यात एक परिचारिका किंवा डॉक्टर असू द्या.

तारखांचाही फेरविचार करा. युगांडात मार्च ते मे मोठा पाऊस आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर दुसरा पाऊस असतो. म्हणजे आपली मे महिन्याची आणि दिवाळीची, दोन्ही सुट्ट्या तिकडच्या चिखलात येतात. मातीच्या रस्त्यावर गाडी रुतली की दिवस गेला. जून-जुलै किंवा डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. जून ठरवलात तर ३ जूनकडे लक्ष असू द्या. तो युगांडाच्या हुतात्म्यांचा दिवस. १८८६ साली नामुगोंगो इथे जिवंत जाळलेल्या ख्रिस्ती तरुणांच्या स्मरणार्थ त्या दिवशी लाखो लोक जमतात, कित्येक जण दिवसेंदिवस पायी चालत येतात. त्या आठवड्यात यजमान पाळकांना तुमच्यासाठी वेळ नसेल. जमलं तर त्यांच्याबरोबर नामुगोंगोला जा.

पर्यटकाचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी ५० डॉलरला मिळतो, पण त्यावर काम करायची मुभा नसते. तुमच्या कामाला कोणता परवाना लागेल हे यजमान मंडळीने तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात विचारून लेखी कळवावं. अर्जात सहल लिहायची आणि जाऊन शिबिर भरवायचं, हा खोटेपणा आहे. त्याचा जाब शेवटी यजमानांना द्यावा लागतो.

प्रश्न : मुलगी पहिल्यांदाच आफ्रिकेला निघाली आहे. यलो फीवरची लस खरंच लागते का? मलेरियाच्या गोळ्यांचा त्रास होतो असंही ऐकलं आहे. (एक आई, नाशिक)

उत्तर : लागते, ताई. लस घेतल्याचं कार्ड दोनदा तपासतात, युगांडात उतरताना आणि भारतात परतताना. परतताना कार्ड नसलं, किंवा लस घेऊन दहा दिवस झालेले नसले, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांवरच ती देतात. मुंबईत विमानतळाच्या आणि बंदराच्या आरोग्य कार्यालयांची केंद्रं आहेत. कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी, आधी नाव नोंदवलेल्यांना बोलावतात. प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी नंबर लावा. ई-व्हिसाच्या अर्जाला कार्डाची प्रत जोडावी लागते, तेव्हा क्रम असा : पासपोर्ट, लस, मग व्हिसा.

कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. आपल्या घरांत ही चूक फार होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसरं, तिकिटावर वडिलांचं नाव गाळलेलं. सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव लिहा. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते. हा नियम ११ जुलै २०१६ पासून आहे आणि दहा वर्षं मुदत लिहिलेल्या जुन्या कार्डांनाही लागू आहे. गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी झालेले आणि साठीच्या पुढचे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण ही जिवंत विषाणूंची लस आहे. डॉक्टरांचं सूटपत्र मिळालं तरी परतताना विलगीकरणाची शक्यता उरतेच. अशा माणसाने न गेलेलं बरं.

युगांडात मलेरिया बारा महिने असतो, तोही फाल्सिपेरम जातीचा आणि क्लोरोक्विनला दाद न देणारा. डॉक्टर बहुधा तीनांपैकी एक औषध देतात. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एक, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज एक, परतल्यावर सात दिवसांपर्यंत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, दोन-तीन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत. मानसिक आजार किंवा फीट येण्याचा इतिहास असेल तर मेफ्लोक्विन देत नाहीत, म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नका. डॉक्सिसायक्लिनने छातीत जळजळ होते ती बहुतेकदा घोटभर पाण्याबरोबर गोळी घेऊन लगेच आडवं झाल्यामुळे. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास बसून राहावं. तिने ऊनही बाधतं, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. खरी गडबड घरी आल्यावर होते. बरं वाटतंय म्हणून मुलं गोळ्या सोडतात. परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि ‘युगांडाहून आले आहे’ हे वाक्य डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.

व्हिक्टोरिया तलावात उतरायचं नाही. तिथल्या गोगलगायींतून पाण्यात येणारे बिल्हार्झियाचे जंतू काही मिनिटांत कातडीतून आत शिरतात. तलावात बाप्तिस्मा देण्याच्या कार्यक्रमाचं मनापासून आमंत्रण येईल. काठावर उभं राहून गीत गावं. आणि बोडाबोडा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर बसायचं नाही. रात्री महामार्गावर प्रवासही करायचा नाही. हे दोन नियम संघप्रमुखांनी निघण्यापूर्वीच सगळ्यांकडून कबूल करून घ्यावेत.

प्रश्न : आम्ही दोघं गावोगावचे हापसे दुरुस्त करतो. संघात आमची नावं घेतली आहेत, पण आम्हाला प्रवचन देता येत नाही. तिकडे आमचा काय उपयोग? (अंबड, जिल्हा जालना)

उत्तर : भाऊ, संघातले सर्वांत उपयोगी तुम्ही दोघंच ठराल. युगांडाच्या खेड्यांत जो हापसा दिसतो त्याला यू-टू म्हणतात, आणि तो म्हणजे आपलाच इंडिया मार्क टू. यू-थ्री म्हणजे मार्क थ्री. त्याचं मूळ तर तुमच्या जिल्ह्यातलं आहे. १९६०च्या दशकात जालन्यात चर्चच्या पाणी प्रकल्पाखाली विंधन विहिरी खोदल्या जात होत्या. ओतीव लोखंडाचे घरगुती पंप सगळ्या गावाच्या वापराने मोडत. म्हणून तिथे एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा पोलादी पंप घडवला गेला, तो जालना पंप. त्यावरून सोलापूर पंप आला आणि १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू. मिशनच्या कामातून निघालेली वस्तू तुमच्या आधीच आफ्रिकेत पोचलेली आहे.

पण गेल्या गेल्या पाना हातात घेऊ नका. तिकडे जिल्ह्याजिल्ह्यात हातपंप मेकॅनिकांचे संघ आहेत आणि दुरुस्तीच्या मजुरीवर त्यांची घरं चालतात. परदेशी पाहुण्यांनी दहा हापसे फुकट दुरुस्त केले की गावकरी अकराव्या वेळी मेकॅनिकला पैसे द्यायला कुरकुरतात. प्रत्येक पाणवठ्याची समिती असते, तिच्याकडून पंप उघडायची परवानगी घ्या. हात मेकॅनिकचे चालू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा आणि त्यांची रोजची मजुरी संघाच्या निधीतून द्या. आठ-नऊ दिवसांत दहा हापसे उघडून झाले तरी पुष्कळ. त्यात पाच-सहा स्थानिक मेकॅनिकांची उजळणी व्हावी, हेच तुमचं काम.

तपासणी तुम्हाला नवी नाही, पण आकडे लिहून ठेवायची सवय तिथे लावा. मिनिटात ४० वेळा पूर्ण दांडा मारून १५ लिटर पाणी आलं पाहिजे. मग पंप अर्धा तास बंद ठेवावा. पुन्हा मारल्यावर पाच दांड्यांच्या आत धार लागली नाही तर पाइप, जोड किंवा खालचा व्हॉल्व्ह गळतो आहे. दांडा एकदम हलका आणि पाणी नाही, तर रॉड तुटला किंवा सुटला. धार आहे पण बारीक, तर बहुधा बकेट वॉशर गेले. सकाळचं पहिलं पाणी तांबूस, आणि बराच वेळ उपसल्यावर नितळ होतं? मग लोखंड जमिनीतलं नाही, पाइपातलं आहे. हे तिकडे फार आढळतं. आपल्या काळ्या पाषाणातल्या पाण्याची सवय असलेल्या माणसाला ते पटकन सुचत नाही. तिथल्या बऱ्याच भागात भूजल आम्लधर्मी आहे. पीएच साडेसहाच्या खाली गेला की जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा थर टिकत नाही, पाइपाला भोकं पडतात आणि पाण्याला चव येते म्हणून बायका पुन्हा ओढ्यावर जातात. तिथे जीआय पाइप बदलून जीआय पाइपच घातला तर पैसे वाया. पीएच तपासायच्या पट्ट्या घेऊन जा. पट्टी कमी दाखवत असेल तर स्टेनलेस स्टील किंवा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) पाइपाचा प्रस्ताव समितीपुढे ठेवा. यूपीव्हीसी पाइपवाला यू-थ्री एम हा प्रकार तिकडे वापरात आहे. त्याची जोडणी त्यांच्याकडून तुम्ही शिकून या.

सामानात १७-१९चे दोन पाने, पाइप पाना, सेल्फ लॉकिंग क्लॅम्प, रॉड व्हाइस, लिफ्टर, चेन कपलिंगचा आधार आणि एम-१२ डाय असा संच घ्या. हे सगळं चेक-इन सामानात. हातातल्या पिशवीतला पाना विमानतळावर काढून घेतील. वजनाचा अंदाज आधी घ्या. जुन्या सिलिंडरला दोन वॉशर लागतात, तेव्हा दहा पंपांसाठी नायट्राइलचे पंचवीस वॉशर, ६२०४चे सहा बेअरिंग, चार साखळ्या आणि त्यांचे बोल्ट-नट पुरेत. हे सगळं हलकं आहे. पाइप आणि रॉड मात्र तिथेच विकत घ्या, म्हणजे सुटे भाग कुठल्या दुकानात मिळतात हे समितीलाही कळेल. तीस मीटरची पाइपांची माळ पाण्याशिवायच शंभर किलोच्या आसपास भरते. वर ओढायला पाच जण आणि आज्ञा देणारा एकच जण असावा. पाइप निसटून बोअरमध्ये पडतो तो दोघांनी एकदम हुकूम सोडल्यामुळे.

निघताना हत्यारांचा संच कुणा एका व्यक्तीला भेट देऊ नका. मेकॅनिक संघाच्या नावे, यादी करून, सही घेऊन द्या. प्रत्येक पंपाचे आधीचे आणि नंतरचे आकडे लिहिलेली वहीही त्यांच्याकडेच राहू द्या. तुम्ही फोटो काढून आणा.

प्रश्न : युगांडाचा खर्च आम्हाला झेपत नाही. नेपाळला व्हिसा लागत नाही, म्हणून दहा दिवस डोंगरातल्या गावांत सुवार्तेची पत्रकं वाटण्याचा विचार आहे. (सोलापूर)

उत्तर : पत्रकं वाटू नका. नेपाळच्या २०१५च्या संविधानातल्या कलम २६(३) प्रमाणे दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे आणि फौजदारी संहितेच्या कलम १५८ खाली पाच वर्षांपर्यंत कैद व ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. भारतीयाला व्हिसा लागत नसला तरी या कायद्यापुढे तो परदेशीच. तुम्ही दहाव्या दिवशी परत याल, पण ज्यांच्या घरी उतरला होता त्या पाळकांच्या दारात अकराव्या दिवशी पोलीस येतील. कपडे किंवा औषधं वाटता वाटता शिकवण देणंही टाळा, कारण आमिष म्हटलं जातं ते त्यालाच.

जायचं तर स्थानिक मंडळीच्या आमंत्रणावरून, तिच्या सभासदांसाठी, चार भिंतींच्या आत जा. रविवार शाळेच्या शिक्षकांचं प्रशिक्षण, लेखापालन, गायनवर्ग, जे त्यांनी मागितलं असेल ते करा. तिथल्या बहुतेक मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, त्याप्रमाणे तारखा धरा. आमंत्रणातली तारीख विक्रम संवताची आहे का हेही विचारून घ्या. विमानाने जाणाऱ्या प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर विमानात बसू देत नाहीत.

प्रश्न : मी सरकारी शाळेत शिक्षिका आहे. यजमान मंडळी राहण्या-जेवण्याचा खर्च करणार आहे. रजेखेरीज आणखी काही लागेल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हो, बाई, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. परदेशी अंशदान कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सरकारी नोकरांना परदेशात असताना परदेशी पाहुणचार, म्हणजे फुकट प्रवास, निवास, भोजन घ्यायचं तर केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-२ या नमुन्यात ऑनलाइन करायचा, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी. दोन महिने आधी केलात तर चिंता नको. आपला खर्च आपण भरलात तर हा प्रश्न उरत नाही. तो मार्ग आम्हाला जास्त पसंत आहे. कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र मात्र दोन्ही बाबतींत लागेल.

पैशांचंही इथेच सांगतो. एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच रोख परकीय चलन नेता येतं, बाकीचं फॉरेक्स कार्डावर ठेवा. युगांडात १०० डॉलरच्या नव्या, न चुरगळलेल्या नोटांना चांगला भाव मिळतो, जुन्या आणि लहान नोटांना कमी. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून परदेशात खर्च करायचा असेल तर आधी सनदी लेखापालाला विचारा, नाहीतर ट्रस्टची आयकराची सूट अडचणीत येते.

प्रश्न : महिला मंडळाने जुने कपडे जमवले आहेत. तिथल्या अनाथाश्रमात दोन दिवस मुलांबरोबर घालवून ते वाटावेत, असं वाटतं. (मिरज)

उत्तर : तुमच्या मायेबद्दल शंका नाही, तरी दोन्ही बेत सोडून द्यावेत असं आम्ही आग्रहाने सांगतो. जुन्या कपड्यांचा युगांडात मोठा बाजार आहे. त्यांना तिथे मिवुंबा म्हणतात आणि कंपालाच्या ओविनो बाजारात त्यांचे ढीग असतात. सामानाचं वजन भरून ते नेण्यात अर्थ नाही. अनाथाश्रमातल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, गरिबीमुळे मूल तिथे आलेलं असतं. दर महिन्याला नवे पाहुणे येऊन दोन दिवस कडेवर घेतात आणि जातात, त्यातून मुलाला पुन्हा पुन्हा सोडून दिल्याचा घाव बसतो. पाहुण्यांच्या देणग्यांमुळे मुलं घरी पाठवण्याऐवजी ठेवून घेण्याचा मोहही होतो. तेच पैसे यजमान मंडळीच्या मदर्स युनियनला, म्हणजे तिथल्या महिला मंडळाला द्या. कोणत्या घरातल्या मुलाची फी थकली आहे हे त्या बायकांना बरोबर ठाऊक असतं.

मुलांबरोबर कुठलाही कार्यक्रम असो, खोलीत दोन प्रौढ हवेत, एकटं कुणीही नको. पालकांना विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत.

प्रश्न : भाषेचं काय? आमच्यात दोघांनाच बरं इंग्रजी येतं. (वसई)

उत्तर : दुभाषी इंग्रजीतून लुगांडात, म्हणजे तिथल्या भाषेत सांगतील. मराठीत बोलणाऱ्याचं आधी इंग्रजी, मग लुगांडा व्हायचं, म्हणजे वीस मिनिटांत जेमतेम सात मिनिटांचं बोलणं होतं. तेवढंच तयार करा. वाक्य लहान असावं आणि पूर्ण झाल्यावरच थांबावं. अर्ध्या वाक्यावर थांबलात की दुभाषी अडतो, कारण लुगांडात शब्दांचा क्रम वेगळा. म्हणी आणि शब्दांच्या कोट्या गाळा. लिहिलेलं आदल्या रात्री दुभाष्याला वाचून दाखवा. हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले तेव्हा आधी मराठी शिकायला बसले होते. पंधरा दिवसांच्या पाहुण्याला ते शक्य नाही, तेव्हा बोलणं थोडकं ठेवणं हाच आदर. मराठी भजन मात्र मराठीतच म्हणा, टाळ-ढोलकीसह, अर्थ आधी दोन वाक्यांत सांगून. अभिवादनाला ‘ओली ओत्या’ आणि आभाराला ‘वेबाले’ एवढं विमानातच पाठ करा.

तुम्हाला ‘मुयिंदी’ म्हणतील, म्हणजे भारतीय. तिकडे भारतीय माणूस दुकानदार किंवा कारखानदार म्हणून ओळखीचा आहे, आणि १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावल्याची आठवणही दोन्हीकडे आहे. ख्रिस्ती भारतीय पाहून बरेच जण चकित होतात. मराठी मंडळ्यांविषयी विचारतील, तेव्हा चार गोष्टी सांगता येतील अशी तयारी ठेवा.

वेळेचा एक घोटाळा नक्की होतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हे सगळे लक्षात ठेवतात. पण लुगांडात तास सूर्योदयापासून मोजतात. ‘स्सावा एमू’, म्हणजे पहिला तास, हे आपले सकाळचे सात; ‘स्सावा ब्बिरी’, दुसरा तास, हे आठ. दुभाष्याने शब्दशः ‘चार वाजता या’ असं सांगितलं तर ते सकाळचे दहा असू शकतात. गाडीची वेळ ठरवताना इंग्रजी घड्याळ की लुगांडा, हे प्रत्येक वेळी विचारून घ्या.